अळणीत उकळलेल्या तारा

मला बेस गिटार मिळाली ती माझ्या आवाजामुळे. आवाज चांगला होता म्हणून नव्हे.

नगरला आमच्या चर्चच्या गायनमंडळात मी अकरा वर्षं गात होते. मला गायला आवडतं, आणि जे आवडतं ते मी मोकळ्या गळ्याने करते. मंडळ चालवणारे मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले संगीत शिक्षक, अत्यंत सभ्य माणूस. अकरा वर्षांत त्यांनी मला एकदाही 'तुमचा सूर लागत नाही' असं म्हटलं नाही. आधी त्यांनी मला मागच्या रांगेत उभं केलं, मग खांबाच्या शेजारी, मग खांबाच्या मागे. खांबामागून मास्तरांचे हात दिसत नसत, त्यामुळे गाणं संपल्यावरही मी कधीकधी एखादा शब्द गात राहायचे.

अशात आमच्या बेस वाजवणाऱ्या मुलाला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला. गिटार चर्चचीच होती. चार जाड तारांची, साध्या गिटारपेक्षा हातभर लांब. ती नाताळच्या कागदी चांदण्यांच्या कपाटात जाऊन उभी राहिली. महिनाभर कुणी ती घ्यायला पुढे येईना, कारण आमच्या तरुण मंडळींत गिटार वाजवणारे पाच जण होते आणि पाचही जणांना साधी गिटार घेऊन सर्वांत पुढे उभं राहायचं होतं.

एका रविवारी उपासना संपल्यावर मास्तरांनी मला थांबवून घेतलं.

"ताई, तुमची लय फार पक्की आहे."

ते पुढे सुराबद्दलही काही म्हणतील म्हणून मी थांबले. 

"बेस तुम्ही घ्या," ते म्हणाले. "शिकवतो मी. सोपं आहे. फक्त एक आहे, बेस वाजवणाऱ्याला गाता येत नाही. लक्ष दोन्हीकडे राहत नाही. तोंड अगदी बंद ठेवावं लागतं."

"म्हणजे मी गायचंच नाही?"

"त्याग असतो तो," मास्तर खाली बघत म्हणाले. पुण्याला गेलेला मुलगा वाजवताना छान गायचा, हे मला घरी पोचल्यावर आठवलं. तोपर्यंत गिटार माझ्या खांद्यावर होती.

तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत मी क्वालिटी विभागात आहे. दिवसभर मी बोल्ट मोजते. कारखान्यात गाड्यांचे बोल्ट तयार होतात आणि ते मापात आहेत की नाहीत हे बघून मी कागदावर सही करते. अशा बाईच्या हातात एकदम सूर वगैरे आले तर ती ते मोजायलाच जाणार.

घरी आम्ही तिघं. नवरा, मी आणि सासूबाई. सासूबाई मूळच्या श्रीगोंद्याकडच्या. वय शहात्तर, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत गिटार छोट्या अँपला, म्हणजे तिचा आवाज मोठा करणाऱ्या डब्याला, जोडली आणि मास्तरांनी दाखवलेले चार सूर वाजवायला बसले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"लाईट लावली का न्हाई तिला?"

"लावलीय, आई. वाजतंय."

"मला तर फ्रिजच ऐकू येतोय."

"तो फ्रिज नाही, मी आहे."

त्या पुढे आल्या, अँपला हात लावून बघितला आणि मान हलवली. मग मी एक सूर वाजवला आणि आतल्या मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या थरथरल्या. सासूबाईंचा चेहरा एकदम खुलला.

"ह्यो लई चांगला हाय. ह्योच वाजव. बाकीचं ऱ्हाऊ दे."

पुढे दोन-तीन महिने मी रोज ऑफिसातून आल्यावर तासभर वाजवायचे आणि त्या ताटल्यांच्या सुराची वाट बघत भाजी निवडायच्या. तो सूर बराच वेळ आला नाही तर आतून विचारायच्या, "आज न्हाई व्हय?"

मला स्वतःला आपण बरं वाजवतो असं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात दाढ दुखायला लागली.

सावेडीत एका तरुण डॉक्टरांचा दातांचा दवाखाना होता, तिथे गेले. त्यांनी मला खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापूस आणि नळी घातली. मी घाबरून खुर्चीचा हात घट्ट धरला होता. त्यांची नजर माझ्या बोटांवर गेली.

"बोटांना घट्टे कशाचे?"

"आऽस," मी म्हणाले.

"काय?"

"एऽस. गिआर."

डॉक्टरांनी मशीन बंद केलं. तोंडावरचा मास्क खाली ओढला. "बेस? तुम्ही बेस वाजवता?" मी मान हलवली. बाहेर सहा पेशंट बसलेले, आणि हा माणूस स्टूल ओढून माझ्या जवळ बसला. त्याच्याकडे चार बेस गिटार होत्या. शहरातल्या डॉक्टर लोकांचा एक ग्रुप होता, तो वर्षातून एकदा कार्यक्रम करायचा, आणि त्या एका कार्यक्रमासाठी डॉक्टर वर्षभर सामान घेत असायचे.

"टोन कसा आहे तुमचा?" त्यांनी विचारलं.

टोन म्हणजे वाद्याचा आवाज नेमका कसा लागतो ते, एवढं मला माहीत होतं. तोंडात कापूस घेऊन मी जमेल तसा तो काढून दाखवला. "घुम्म."

"तारा कधी बदलल्या?"

"आं."

"म्हणजे कधीच नाही." त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं आणि दाढेत वाकून अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "मेलेल्या आहेत. पूर्ण मेलेल्या. बहुतेक केव्हाच्याच."

ते तारांबद्दल बोलत होते. मला वाटलं दाढेतल्या नसांबद्दल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं मला तारांचं वाईट वाटलं, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

अशी आमची ओळख झाली. डॉक्टरांमुळे पुढे ओळख झाली ती काकांशी. काका वीज खात्यात वायरमन होते, आता निवृत्त. लग्नातल्या आर्केस्ट्रात ते अठ्ठावीस वर्षं बेस वाजवत होते. हळदीला, वरातीला, नेत्याच्या वाढदिवसाला, सगळीकडे. रविवारी दवाखाना बंद असायचा, तेव्हा दुपारी चार वाजता आम्ही तिघं तिथल्या पेशंटांच्या बाकांवर आपापल्या गिटारी घेऊन बसायला लागलो. भिंतीवर दातांचे तक्ते आणि खाली तीन बेस. तिघांनीही एकाच वेळी वाजवलं की गाणं कुठलं ते कुणालाच कळायचं नाही, कारण गाणं वाजवणारं कुणी नसायचंच.

वाजवण्यापेक्षा भांडणंच जास्त व्हायची. डॉक्टरांना परदेशी, पंधरा-पंधरा मिनिटांची गाणी आवडायची, ज्यात मध्येच ताल बदलतो आणि ऐकणाऱ्याचा पाय हवेत राहतो. काकांना ढोलकी लागायची. त्यांच्या मते जगातल्या कुठल्याही गाण्याला बेसचे दोन सूर पुरतात. "एक ह्यो, आन् एक त्यो," ते वाजवून दाखवायचे. "तिसरा लावला की लोकं जेवायला उठत्यात."

सगळ्यात मोठं भांडण तारांवरून. डॉक्टर दर दोन महिन्यांनी नव्या तारा लावायचे. नव्या तारेचा आवाज खणखणीत येतो, जुनीचा बसका, हे मला तोपर्यंत कळलं होतं. काकांनी सतरा वर्षांत तारा बदललेल्या नव्हत्या.

"न तुटता तार बदलायची म्हंजे," काका म्हणाले, "दात हलत न्हाई तरी उपटायचा. तुमाला ते जमतंय, डाक्टर. आमाला न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "काका, तुमच्या तारांवर सतरा वर्षांचा मळ आहे."

"मंग? त्योच वाजतोय की."

एकदा मी पर्समधून व्हर्नियर काढला. जाडी मोजायचं आमचं कंपनीतलं हत्यार; ते माझ्याजवळ असतंच. डॉक्टरांच्या नव्या तारेची जाडी मी तीन ठिकाणी मोजली आणि तिन्ही ठिकाणी वेगळी आली. आमच्याकडे असा माल परत जातो, असं मी सहज म्हणाले. डॉक्टर त्या दिवशी चहा न देता उठले. काकांनी मात्र घरी जाताना मला पोटभर आशीर्वाद दिले.

त्याच सुमारास मास्तरांनी सांगितलं की पुणतांब्याजवळच्या एका खेड्यातल्या लहानशा चर्चचा वर्धापनदिन आहे आणि आमच्या मंडळाला गायला बोलावलंय. बाहेरगावी वाजवायची माझी पहिलीच वेळ. हातात तीन आठवडे होते. मला डॉक्टरांचं म्हणणं पटायला लागलं होतं. गावोगावचे लोक येणार आणि मी फ्रिजसारखी वाजणार, हे मनाला लागत होतं. डॉक्टरांनी माझ्यासाठी नव्या तारा ऑनलाईन मागवल्या. पार्सल आलं, उघडलं, तर आत साध्या गिटारच्या तारा, केसासारख्या बारीक. परत पाठवून नव्या येईपर्यंत कार्यक्रम होऊन गेला असता.

"उकळा," काका म्हणाले.

"काय?"

"हायेत त्याच तारा काढून पान्यात उकळा. ईस मिंटं. मळ निघतो, तार परत बोलाया लागती. आमच्यातली लई पोरं करत्यात."

"मग तुम्ही का नाही करत?"

"मला मळ लागतो," काका म्हणाले.

पुढच्या रविवारी चर्चहून आल्यावर मी ते करायला घेतलं. चारही तारा काढल्या, वेटोळी केली. एवढी वेटोळी मावेल असं घरात एकच पातेलं, रविवारच्या मटणाचं. मटण आणलेलं होतं, ते अजून फ्रिजमध्येच होतं. म्हटलं आधी तारा, मग मटण. पातेल्यात पाणी घातलं, तारा सोडल्या, गॅस लावला, आणि गच्चीवरचे कपडे काढायला वर गेले. वर शेजारीण भेटली. तिच्या मुलीचं ठरत होतं, त्यामुळे बोलणं लांबलं.

खाली आले तर घरभर आलं-लसणाचा वास. पातेल्यावर झाकण, झाकणावर पाणी, आणि सासूबाई हातात पळी घेऊन समाधानाने उभ्या.

आमच्याकडे मटण आधी हळद, मीठ, आलं-लसूण घालून नुसतं शिजवतात. त्याला अळणी म्हणतात. मीठ घालूनही अळणी का, ते मला ठाऊक नाही.

"उगंच पानी उकळीत ठिवलंस गं," त्या म्हणाल्या. "मी समदं टाकलं. आज वजडी आनली व्हय? पळीला येटोळं लागलं."

वजडी म्हणजे बोकडाची आतडी. मी झाकण काढलं. पिवळ्याधमक पाण्यात माझ्या चार तारा उकळत होत्या. वर लसणाचे तुकडे तरंगत होते.

"आई, ते मटण नाही."

"मंग?"

"तारा आहेत. गिटारच्या."

सासूबाईंनी पातेल्यात वाकून बघितलं, चांगल्या डोळ्याने. 

"मंग मीठ जास्त झालं आसंल," त्या म्हणाल्या.

मला हसावं की रडावं कळेना. नवरा भुकेने तीनदा डोकावून गेला होता, त्यामुळे तारा घाईघाईने नळाखाली धरल्या, टॉवेलने पुसल्या, आणि चिमटे लावून दोरीवर वाळत घातल्या. तारांच्या टोकाला लाल रेशमी दोरा गुंडाळलेला असतो. तो केशरी झाला होता. समोरच्या बाल्कनीतल्या बाईंनी शेवया का म्हणून विचारलं. मी हो म्हणाले.

संध्याकाळी तारा चढवल्या, सुरात लावल्या आणि वाजवल्या. आवाज असा खणखणीत आला की मी दचकले. प्रत्येक सूर वेगळा, स्वच्छ, धारदार. आतून सासूबाई म्हणाल्या, "आता कळतंय तू हायेस."

दुसऱ्या रविवारी दवाखान्यात मी काही न बोलता वाजवायला लागले. डॉक्टर चहाचा कप हातात धरून तसेच थांबले.

"नव्या तारा मिळाल्या?"

"नाही. त्याच आहेत."

"काय केलंत?"

खोटं बोलायचं मनात होतं, पण मला जमत नाही. सगळं सांगितलं. काका हसून हसून बाकावर आडवे झाले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी औषधाच्या चिठ्ठ्यांचं पॅड ओढलं.

"हळद किती?"

"मला काय माहीत? आईंनी घातली."

त्यांनी तिथूनच सासूबाईंना फोन लावला. "आजी, मीठ किती घातलं होतं?"

"मुठीनं," पलीकडून आवाज आला.

"मूठ म्हणजे साधारण किती ग्रॅम?"

"माजी मूठ हाय, बाबा. तिला गिराम न्हाईत."

"कांदा-खोबरं बी लावा, डाक्टर," काका म्हणाले. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं, मग काकांकडे बघितलं आणि खोडलं.

बुधवारी संध्याकाळी ते आपल्या सर्वांत महागड्या बेसच्या तारा डब्यात घालून आमच्या घरी हजर झाले. सासूबाईंच्या हातूनच व्हायला हवं, असा त्यांचा हट्ट. सासूबाईंनी डोक्यावरून पदर घेतला, पातेलं चढवलं आणि या वेळी मीठ जरा बेतानं टाकते म्हणाल्या. डॉक्टरांनी घाबरून सांगितलं की काहीही बदलू नका. त्या म्हणाल्या, "मंग चवीचं मला इचारू नका." डॉक्टरांनी ओट्याजवळ उभं राहून घड्याळ लावलं होतं. माझा नवरा दारात आला, बघितलं, आणि जेवायला भावाकडे गेला.

डॉक्टरांच्या तारांचा आवाजही खणखणीत निघाला. पण त्या नव्याच होत्या, आधीही खणखणीतच होत्या. म्हणून मग खरं काय ते ठरवायला आम्ही मास्तरांना दवाखान्यात बोलावलं. मास्तरांचा कान तयार. ते सांगतील तो टोन मानायचा असं ठरलं. त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, म्हणजे गिटार दिसायला नको. मी एकच ओळ तीन गिटारींवर वाजवली: डॉक्टरांची हळदवाली, माझी हळदवाली, आणि काकांची सतरा वर्षांची. दातांच्या तक्त्यासमोर मास्तर डोळे मिटून बसले होते.

"पहिला मुलगा बरा वाजवतो," ते म्हणाले. "दुसऱ्याचा हात जरा जड आहे. तिसऱ्याची लय मात्र पक्की आहे. त्याला विचारा मंडळात येतो का."

तिन्ही वेळा मीच वाजवत होते. ते आम्ही त्यांना सांगितलं नाही. काकांनी मात्र आपली गिटार उचलून छातीशी धरली आणि दिवसभर कुणाच्या हातात दिली नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते कंपनीतल्या कुणाला कळू नये अशी माझी इच्छा आहे. आमच्या क्वालिटी विभागात एक पेटी आहे. तिच्यात बोल्ट ठेवतात आणि त्यांच्यावर मिठाच्या पाण्याचा फवारा मारत राहतात. मिठाने लोखंड किती लवकर गंजतं हे बघायला. किती तासांनी पहिला लाल ठिपका दिसला ते लिहून त्यावर सही करायची, हे काम माझं. गेली नऊ वर्षं माझंच आहे.

कार्यक्रमाच्या आदल्या गुरुवारी, अशाच एका कागदावर सही करून मी घरी आले आणि वाजवायला बसले. खुंट्यांजवळ तारांवर मला बारीक लालसर ठिपके दिसले. मी ते नखाने खरवडले आणि मनात म्हटलं, हळद अजून निघाली नाही वाटतं.

शनिवारी सकाळी डॉक्टरांच्या गाडीतून आम्ही निघालो. मंडळाची बाकी माणसं टेम्पोने पुढे गेली होती. सासूबाई पुढच्या सीटवर, त्यांना डॉक्टरांनी आग्रहाने घेतलं होतं. मागे मी, काका आणि आमच्या दोघांमध्ये माझी गिटार. डॉक्टरांनी स्वतःचीही डिकीत ठेवली होती, लागलीच तर असावी म्हणून. काकांनी आपली आणली नाही. "मी ऐकाया आलोय," ते म्हणाले. रस्त्याचं काम चालू होतं. प्रत्येक खड्ड्याला सासूबाई डॉक्टरांना गाडी कशी चालवायची ते सांगत होत्या, आणि डॉक्टर ऐकत होते.

चर्च लहान होतं, म्हणून समोरच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. दोन-तीनशे माणसं सतरंजीवर बसलेली, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मी गिटार पिशवीतून काढली आणि गावातलं एक कुत्रं उठून माझ्यासमोर येऊन बसलं. तारांना लसणाचा वास अजून येत असावा. त्याला दोनदा हाकललं, दोनदा ते परत आलं, आणि शेवटी पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी त्याच्या मानेवर हात ठेवून त्याला तिथंच बसवून घेतलं.

पहिली दोन गाणी उत्तम झाली. आवाज मांडवाबाहेर रस्त्यापर्यंत जात होता असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तिसऱ्या गाण्याच्या मधोमध माझ्या हाताजवळ खट्ट झालं आणि सगळ्यात बारीक तार खुंटीपाशी तुटून उडाली. ती मास्तरांच्या हार्मोनियमवर ठेवलेल्या वहीला जाऊन लागली. मास्तरांनी पान उलटायची खूण समजून पान उलटलं. त्यामुळे एक कडवं गेलं. मंडळ मागोमाग गेलं, मीही गेले.

 तुटलेल्या टोकाकडे बघितलं तेव्हा कळलं. ते लाल होतं, आणि ती हळद नव्हती. नऊ वर्षं रोज बघत होते तो रंग. उरलेल्या तिन्ही तारांवर तो खुंट्यांपासून खाली उतरत होता. मी हळूहळू वाजवायला लागले, जणू समोर झोपलेलं मूल आहे. तरी पाचव्या गाण्यात दुसरी तार गेली. डॉक्टरांची गिटार गाडीत होती आणि मास्तर गाण्यांच्या मध्ये थांबत नव्हते.

मांडवात काका पहिल्या रांगेत बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी दोन बोटं वर केली आणि मान डोलावली. दोन पुरतात.

मग मी दोन जाड तारांवर दोन सूर वाजवत राहिले. एक हा आणि एक तो. दुसरं काही करताच येत नव्हतं, म्हणून बोटांकडे बघायची गरज उरली नाही. तेव्हा मला मंडळ ऐकू आलं. अकरा वर्षं मी त्यात गात होते, वर्षभर त्यात वाजवत होते, पण आमची माणसं एकत्र कशी गातात ते मी कधी ऐकलंच नव्हतं. सुंदर गात होती. माझ्याशिवाय फारच सुंदर, हेही लक्षात आलं. वाईट वाटलं नाही. थोडंसं वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर मास्तर रुमालाने कपाळ पुसत माझ्याकडे आले. मी माफी मागायच्या तयारीत होते.

"ताई, आज वाजवणं फार संयमी झालं," ते म्हणाले. "याच्यापुढे असंच वाजवा."

डॉक्टर मात्र गाडीकडे पळाले होते. आम्ही मागोमाग गेलो. त्यांनी डिकीत ठेवलेली आपली गिटार बाहेर काढली होती आणि ते तिच्याकडे बघत उभे होते. चारही तारा टोकापासून टोकापर्यंत तांबारल्या होत्या. काकांनी चष्मा लावला, वाकून नीट बघितलं, बोटाने एक तार दाबून बघितली.

"डाक्टर," ते हळूच म्हणाले, "कीड लागली."

जेवणाच्या पंगतीत सासूबाई गावातल्या बायकांच्या मध्ये बसल्या होत्या आणि तारा कशा शिजवायच्या ते सांगत होत्या. "मीठ कमी टाकायचं," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं हुतं. पर डाक्टर आयकंना."

मी हात धुऊन गिटार पिशवीत भरत होते तेव्हा त्या बायकांतली एक उठून माझ्याजवळ आली. माझ्याच वयाची, पेरूची बाग असलेली, उन्हाने रापलेली बाई. गावच्या मंडळात ती गात होती.

"गळ्यात घालून बगू का?" तिने विचारलं.

मी पट्टा तिच्या खांद्यावर अडकवला. तिने अंगठ्याने जाड तार ओढली. मांडवातले स्पीकर अजून चालू होते. जमिनीतून आवाज आल्यासारखा झाला आणि ती एकटीच हसायला लागली. पुन्हा ओढली, पुन्हा हसली. तिचा नवरा मोटरसायकल सुरू करून वाट बघत होता. त्याला तिने हाताने थांब म्हणून सांगितलं.

"दोनच तारा आसत्यात व्हय हिला?"

"सध्या दोनच आहेत," मी म्हणाले.

"मंग मला यील."

महिनाभराने डॉक्टरांनी आपल्या चारपैकी एक गिटार आणि नव्या कोऱ्या तारांचा संच तिच्याकडे पोचवला. घरातून लसणाचा वास जात नाही म्हणून त्यांच्या बायकोने काहीतरी कमी करायला सांगितलं होतं, असं काका म्हणतात. आता दर गुरुवारी बागेचं काम आटोपलं की ती मला फोन करते, फोन गिटारीजवळ ठेवते आणि वाजवून दाखवते. फोनमधून बेसचे खालचे सूर जातच नाहीत. मला फक्त तारेवर पडणाऱ्या बोटांची टिकटिक ऐकू येते. मी शेवटपर्यंत ऐकते आणि छान झालं म्हणते. परवा तिने विचारलं, वळखलं का कोणतं गानं हुतं? मी जरा विचार करून एक नाव सांगितलं.

"न्हाई, ताई. ते मागच्या गुरवारचं," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागली.